पलतडची सतरा नावं

फेब्रुवारी १९५२, दुसरा रविवार. वेळ: भरती लागण्याची. जागा: तांडेलांचं खळं, म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. हजर: तांडेल, त्यांची बायको, जिला सगळा गाव काकी म्हणायचा, बाबल तारी, खाडीवरचा होडीवाला, मॅन्युएल मेस्त, होड्या दुरुस्त करणारा सुतार, आणि मी. एकूण पाच. गैरहजर: प्रचाराच्या दोन महिन्यांत याच खळ्यात बसून आमचा चहा प्यालेली बाकीची सगळी माणसं.

हे मी वहीतून उतरवून घेते आहे. वही माझी, पण अशी सुरुवात करायची पद्धत तांडेलांची. देशातल्या पहिल्या निवडणुकीचे निकाल लागले होते. आमचा पक्ष इथे पडला होता, आणि देशभर तर असा पडला होता की वर्तमानपत्रातल्या तक्त्यात त्याचं नाव बोट फिरवून शोधावं लागे. सभेत आधी कोणाचं काय चुकलं ते निघेल असं मला वाटलं होतं. मी तशी यादीही करून नेली होती, सहा कलमांची. तांडेलांनी कागद हातात घेतला, उलटा धरला (वाचता त्यांना बेताचंच येई), आणि परत दिला.

"ह्यां मगे. पयली माणसां मोज."

"माणसां कसली मोजूची? पाच तर आसंव."

"मगे पाच लिव. गलबत बुडल्यार पयली माणसां मोजतत. माल किती गेलो, चूक कोणाची, तां सगळां मगे. एकेकाचां नाव लिव."

मॅन्युएल मेस्त गुडघ्यात डोकं घालून बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "पाच जाणांनी होडी चलता, तांडेलांनू. गलबत नाय, पण होडी चलता."

मी नावं लिहिली. मला वाटलं, झालं. तर तांडेल म्हणाले, "आता पलतडची सतरा लिव."

पलतड म्हणजे खाडीची पलीकडची बाजू, आणि तिथली पलतडवाडी. ती सतरा नावं कोणाची, ते पुढे येईल. त्याआधी तांडेल कोण हे सांगायला हवं.

तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. हे चाळीस वर्षं शिडाच्या गलबतावर होते. मुंबईहून निघायचं ते मंगळूर, कालिकतपर्यंत, आणि येताना कौलं, नारळ, लाकूड काय मिळेल ते भरून आणायचं. गलबत मोडीत निघालं तेव्हा उतरले आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावी येऊन राहिले. उतरले असं आपलं म्हणायचं. घरात खाट होती, पण ते झोपायचे खळ्यात, गुंडाळलेल्या दोराच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून. समुद्राकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना त्यांच्यासाठी पान फिरवावं लागे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी मान वर करून वारा बघायचा, मग परसात जायचं असलं तरी. कुठेही दोरीचा तुकडा दिसला की हात आपोआप गाठ मारायचे. वाचनालयात वर्तमानपत्रं अडकवायची काठी मी सुतळीने टांगली होती, ती सुतळी एकदा त्यांच्या हाती लागली. ती गाठ पुढे बारा वर्षं कोणाला सुटली नाही. शेवटी विळीने कापली, तेव्हा मला उगीच अपराधी वाटलं.

वाचनालय मी चालवायची. सकाळी आठ ते अकरा अशी पाटी लावली होती. तांडेल पाटीखाली उभे राहून विचारायचे, "म्हणजे भरतेर काय सुकतेर?" सुकती म्हणजे ओहोटी. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळ रोज आठ वाजताच आठ वाजयता. पाणी तसां नाय. पाणी रोज वायच उशीर करता. तेका लक्षात ठेवचां लागता, म्हणान माणूस जागो रवता."

हे वाक्य ध्यानात असू द्या.

वर्तमानपत्र मुंबईहून दोन दिवस उशिरा यायचं आणि मी ते मोठ्याने वाचायची. सात-आठ माणसं बसायची. तांडेल डोळे मिटून ऐकायचे. कुठल्याही गावाचं नाव आलं की एकच प्रश्न: "थंय बंदर आसा?" नसलं तर त्या बातमीतला त्यांचा रस संपला. घरामागच्या मांगराच्या, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटाच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने देशाचा नकाशा काढला होता. कच्छपासून कोचीपर्यंत एकेक खाडी, एकेक सुळका, दीपगृह असेल तिथे टिंब. इतका बारीक किनारा मी छापील नकाशात पाहिलेला नाही. किनाऱ्याच्या आत मात्र नुसता चुना. दिल्ली नाही, नागपूर नाही, नदी नाही, डोंगर नाही.

निवडणुकीचं भाकीत त्यांनी या नकाशावरून केलं. "वेंगुर्ल्याक आमचे. कारवाराक आमचे. मंगळूराक हमाल सगळे आमचे. कालिकताक तर ईचारूच नको. मगे झालां! दिल्ली आमची."

"आणि मधी, तांडेलांनू?"

"मधी काय आसा?"

"मधी माणसां आसत."

"आसतीत," ते म्हणाले.

मी तेव्हा हसले नाही, कारण माझंही त्यांच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मी छापील नकाशा पाहिला होता इतकंच. आमचा पक्ष येणार, कुळांना जमीन मिळणार, हमालाला पुरी मजुरी मिळणार, हे मला पावसाळ्यानंतर दिवाळी येणार तितकं पक्कं वाटत होतं. तांडेल या पक्षात कसे आले असं एकदा मी विचारलं. म्हणाले, "चाळीस वर्सां मी माल हाडलंय. उचललो दुसऱ्यांनी. जो पक्ष उचलतल्यांचो, तो माझो." यापलीकडे त्यांनी कधी भाषण केलं नाही.

आता मतदानाचा दिवस.

केंद्र आमच्या बाजूच्या शाळेत होतं. पलतडच्या लोकांना एक तर होडीने यायचं, नाही तर आठ मैलांचा वळसा घालून. पलतडचे पुरुष बहुतेक मुंबईला किंवा बोटीवर. राहिल्या बायका. त्यांना तांडेलांनी शब्द दिला होता, "तुमका मत घालूक मी नेतलंय." त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बायकांना सवय व्हावी म्हणून मॅन्युएलने फणसाच्या फळ्यांच्या चार पेट्या करून दिल्या आणि आम्ही पलतडला जाऊन आंब्याची पानं टाकायचा सराव घेतला. आनंदीआजी, त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, प्रत्येक पेटीत एकेक पान टाकायची. म्हणायची, "सगळ्यांका वायच वायच."

येतो म्हणालेल्यांची नावं मी लिहून घेतली. सतरा.

मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस तांडेल फक्त मतं मोजत होते. बोटांवर, खड्यांवर, झोपेत. आदल्या दिवशी त्यांनी बाबलला सांगितलं, "बायकांची जेवणां आटपली की होडी सोड." आणि बाबलने सोडली, दुपारी दोनच्या सुमारास, सतरा बायका घेऊन, सगळ्या सणाच्या लुगड्यांत. भरती त्या दिवशी दहाला होऊन गेली होती. खाडीच्या मध्यावर होडी चिखलात रुतली, ती रुतलीच.

चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस भरती विसरला. पण बाबल? तोही खाडीवरच जन्मलेला. पाणी उतरताना त्याला दिसत होतं. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "दिसत होतां गो बाय. पण तांडेलांनी सांगल्यानी. माका वाटलां, तेंका ठावक आसतलां."

काठावरून शाळा दिसत होती. शाळेतली घंटासुद्धा होडीत ऐकू जात होती. त्या बायकांत शेवंती म्हणून एक होती, तेविशीतली, जिभेने तिखट आणि अंगाने दणकट. ती म्हणाली, मी चालत जाते. लुगडं खोचून उतरली आणि दुसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत गेली. चौघींनी ओढून वर घेतली. मग कोणी उतरलं नाही.

तांडेलांना निरोप मिळाला तेव्हा ते केंद्राबाहेर होते. त्यांचं स्वतःचं मत घालायचं राहिलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर घालीन म्हणाले होते. ते धावत काठावर आले, पाण्याकडे एकदा बघितलं, आणि चिखलात उतरले. एक फळी पुढे टाकायची, तिच्यावर पोटावर सरकायचं, मागची काढून पुढे टाकायची, असे ते होडीपर्यंत गेले. मला वाटलं, काही युक्ती असेल. युक्ती काही नव्हती. ते होडीत चढले आणि बायकांबरोबर बसले.

साडेपाचनंतर पाणी आलं. मतदान पाचला बंद झालं होतं.

ते तीन तास कसे गेले ते मला शेवंतीने सांगितलं, पुष्कळ वेळा. पहिला तास गेला. मग तीच म्हणाली, "तांडेलांनू, कालिकत इलां काय?" आणि होडी हसून हसून डुलायला हवी होती, पण चिखलात असल्यामुळे डुललीही नाही. पुढे वर्षानुवर्षं ते वाक्य पलतडवाडीत चाललं. चुलीवर भात शिजायला वेळ लागला, एसटीची वाट बघत बसायची वेळ आली की, "कालिकत इलां काय?" आनंदीआजी मात्र तांडेलांना म्हणाली होती, "बसान रवा हो. माका घाई नाय. फुडल्या खेपेक."

सतरा मतांनी काही झालं नसतं. इथे आमचा माणूस हजारोंनी पडला आणि देशात तर हिशेबच नको. आबांच्या दुकानात बॅटरीचा रेडिओ होता, गावात एकच. आबा विरुद्ध पक्षाचे. निकालांच्या दिवसांत तांडेल तीन सकाळ त्या दुकानाच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसले. जी गावं ऐकू येत होती त्यांतल्या बहुतेकांना बंदर नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि मला म्हणाले, "आतली जमीन माका म्हायत नव्हती. ह्यां चुकलां."

मी त्यांच्यासारखी नव्हते. मी घरी गेले आणि पाच दिवस वाचनालय उघडलं नाही. वर्तमानपत्रं येऊन पडत होती, मी घडीही मोडली नाही. लोकांना कळत नाही, तर कशाला वाचून दाखवायचं, असं माझं झालं होतं. सहाव्या दिवशी सकाळी तांडेल आमच्या दारात.

"किल्ली खंय?"

"माका नाय वाचूचां, तांडेलांनू."

"कित्याक?"

"काय उपेग? ह्यां लोकांका..."

"वाऱ्याक गाळी देवन शीड भरणा नाय," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माका धड वाचूक येणा नाय गो. तू दार लावलंस तर मी खंय जावचंय?"

मी किल्ली घेतली. त्या दिवशी त्यांनी मला देशाचा सगळा निकाल वाचायला लावला. जिंकलेले नव्हेत फक्त, पडलेलेही. एकेक गाव आलं की थांबवायचे. "ह्यां खंय? समुद्रापासून किती? थंयचे लोक काय पिकयतत?" मला अर्ध्याची उत्तरं येत नव्हती. मी शाळेतून भूगोलाचं पुस्तक मागवलं. संध्याकाळी ते मांगरात जाऊन भिंतीवर ती गावं मांडत. तांडेलांचा नकाशा असा आत सरकू लागला: आधी कोल्हापूर, मग सोलापूर, उन्हाळ्यापर्यंत नागपूर. दिल्ली त्यांनी फार उशिरा काढली. म्हणाले, "वाट म्हायत नसताना मुक्काम कित्याक लिवचो?"

त्यांच्यामुळे मी एक गोष्ट शिकले. निराशा आली की आपल्याला फार मोठं काहीतरी झाल्यासारखं वाटतं, आणि मोठ्या गोष्टीपुढे काही करता येत नाही म्हणून आपण बसून राहतो. तांडेल तिचे तुकडे करायचे. दिल्लीचं दिल्लीला. आपल्या हातचं काय राहिलं? पलतडच्या सतरा बायका. मग लिहा त्यांची नावं.

त्या रविवारच्या सभेत मी विचारलं होतं, "त्यो खंय बुडल्यो?" तर म्हणाले, "मी बुडयलंय." काकी आतून चहा घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "सतरा नाय, अठरा. तुमचां मत घातलास काय तुमी?"

"तांडेलाक मोजणत नाय."

"मोजूचां लागता," काकी म्हणाल्या. पण तांडेलांनी लिहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन आबांच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. आबांनी संधी सोडली नाही. "काय तांडेल, दिल्ली खंय रवली?"

"दिल्ली थंयच आसा, आबा. आमीच हयसर रवलंव." नारळ पुढे केला. "जिंकलास, बरां झालां. आता पलतडच्या होडयेक धक्को बांधून देवा."

"आणि नाय बांधलो तर?"

"तर पाच वर्सांनी परत नारळ घेवन येतलंय. आणि सगळ्यांसमोर इचारतलंय, धक्को खंय?"

आबा हसले. पण तांडेल दर वर्षी त्याच दिवशी एक नारळ घेऊन जाऊ लागले, काही न बोलता ठेवून येऊ लागले. पाचव्या नारळाआधी धक्का झाला. आबा म्हणाले, "ह्या माणसाच्या नारळांची माका भीती वाटूक लागली."

सत्तावन्नच्या मतदानाला तांडेलांनी भरतीची वेळ आठ दिवस आधीपासून रोज स्वतः पाण्यात काठी रोवून घेतली. सकाळी होडी घेऊन स्वतः पलतडला गेले. बाबल वल्ह्यावर, तांडेल सुकाणूवर. सतरांपैकी चौदा आल्या. आनंदीआजी तीन वर्षांपूर्वी वारली होती, एक मुलाकडे मुंबईला गेली होती, आणि शेवंती आदल्या दिवशी बाळंत झाली होती. तिने खाटेवरून निरोप पाठवला होता: "सांगा तेंका, माजां कालिकत घराकच इलां."

चौदाजणी धक्क्यावर उतरल्या. आमच्या पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता तिथे उभा होता. त्याने तांडेलांना बाजूला घेतलं. "तांडेल, काय करताय? यांच्यातल्या निम्म्यांचे नवरे समोरच्या पक्षाचे. त्या कोणाला मतं देणार, विचारलंत?"

"नाय."

"मग आणल्यात कशाला?"

"मी मत घालूक नेतंय म्हणान सांगललंय. खंय घालूक तां नाय सांगूक."

कार्यकर्ता चिडला. तुमच्यासारख्यांमुळे पक्ष बुडतो, असंही म्हणाला. तांडेलांनी मान हलवली, जणू हवामान सांगितलंय. मग चौदाजणींचं होईपर्यंत उन्हात उभे राहिले आणि शेवटी स्वतःचं मत घातलं. परत येताना त्यांनी मला वहीत चौदा फुल्या करायला लावल्या. आनंदीआजीच्या नावापुढे मी रेघ मारायला गेले, तर माझा हात धरला. "मारू नको. तिचां येवचां रवलां." पेन्सिल घेऊन त्यांनी तिच्या नावापुढे एक इवलीशी होडी काढली, शिडाशिवायची. मग तशाच दोन, राहिलेल्या दोघींपुढे.

देशात पुन्हा तेच झालं. यावेळी मी वाचनालय एकही दिवस बंद ठेवलं नाही.

बासष्टला मुंबईची बाई परत आली होती. तिच्या होडीवर फुली पडली. शेवंती मात्र नाही म्हणाली. तांडेल तिच्या दारात गेले, मीही होते. ती भात कांडत होती. मुसळ थांबवलं नाही.

"तांडेलांनू, एकदा तुमच्या सांगण्यार मी मांडयेपर्यंत चिखलात गेलंय. आता माका नको."

"आता पाणी बघून इलंय मी."

"पाणी बघलास. माका बघलास काय? दहा वर्सां झाली, माज्या दारातली वाट तशीच, बावडी तशीच. मत घालून कोणाचां भलां झालां, सांगा." मुसळ पडतच होतं.

मला वाटलं, ते तिला समजावतील, पक्षाचं काहीतरी सांगतील. ते फक्त म्हणाले, "खरां आसा तुजां." आणि परत आले. होडीत बसल्यावर म्हणाले, "नाय म्हणूचो अधिकार तिचो आसा. पण माजो शब्द पुरो जावक नाय." पुढचा महिनाभर ते आणि मॅन्युएल पलतडच्या बावडीचा, म्हणजे विहिरीचा, कठडा बांधत होते. शेवंतीला दिसेल असं नव्हे. ती बावडी तिच्या घरामागे होती. तिला ते दगड आपटण्याच्या आवाजावरून कळलं.

पासष्टच्या भाद्रपदात तांडेल गेले. आठवडाभर पडून होते, खळ्यातच, दोराच्या उशीवर. मी सकाळी वर्तमानपत्र घेऊन जायची आणि वाचून दाखवायची. एक दिवस मध्येच म्हणाले, "किती रवली?"

मला कळलं. "दोन होडये. आनंदीआजी आणि शेवंती."

समुद्राकडे बघत म्हणाले, "आनंदयेक मी थंय गेल्यार बघतंय. शेवंती तुज्याकडे."

त्यांच्या जाण्यानंतर मांगर काकींनी गोठ्यासाठी मोडला. भिंत पडण्याआधी मी नकाशा वहीत उतरवून घेतला. दिल्ली आली होती. काश्मीरचं टोक तेवढं राहिलं होतं, तिथपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून.

आता माझी चूक.

सहासष्टला मतदारयाद्या तपासायचं काम निघालं. पलतडवाडीतल्या मयत बायकांची नावं तलाठ्यांना हवी होती. त्यांनी मला विचारलं, कारण गावात यादी म्हटलं की माझंच नाव निघतं. मी वही उघडली. माझी यादी नीटनेटकी असते. खुणा सारख्या, ओळी सरळ. आनंदीआजीपुढे होडी होती. मी ती खूण बघितली आणि होडी असलेली नावं उतरवून दिली. दोन नावं. एका बैठकीत, सुवाच्य अक्षरात.

सदुसष्टच्या मतदानाला शेवंती आपणहून आली. बोलवायला मी जाणारच होते, पण सकाळच्या होडीतून तीच उतरली, सणाचं लुगडं नेसून. म्हणाली, "तां माणूस जित्तां आसताना मी नाय म्हटलंय. आता मेल्यार तरी एकदा जावया." आम्ही दोघी शाळेत गेलो. अधिकाऱ्याने यादी चाळली, परत चाळली, आणि म्हणाला, "बाई, हे नाव कमी केलंय. मयत."

"कोण मेलां?" शेवंतीने विचारलं.

मी तिथल्या तिथे ओळखलं. नंतर तलाठ्यांकडे गेले तेव्हा ते भांबावून म्हणाले, "शेवंतीबाई हयात आहेत हे मला माहीत होतं हो. गेल्याच महिन्यात बघितलं होतं. पण तुमची यादी होती. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार."

शाळेच्या पायरीवर मी शेवंतीला खरं ते सांगितलं, माझ्याच हातून कसं झालं ते. ती रागावेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं.

"गो बाय," ती म्हणाली, "कालिकत इलां काय?"

त्या वर्षीचा देशाचा निकाल मी मोठ्याने वाचला, सगळा, पडलेल्यांसकट. किती राज्यांत काय काय उलटंपालटं झालं, आणि दिल्लीत पुन्हा तेच. ऐकायला सहा माणसं होती. आधी त्यांची नावं लिहून घेतली. मन थाऱ्यावर नव्हतं, पण ते निकालामुळे नव्हतं.

नाव परत घालायचा अर्ज मी आणला आहे. भरलाही आहे. शेवंती हयात असल्याबद्दल दोन साक्षीदार लागतात: बाबल आणि मॅन्युएल, दोघेही तयार. अंगठा मात्र तिने मालवणला, साहेबांसमोर जाऊन उठवायचा आहे. ती म्हणते, "जित्ती आसंय ह्यां सांगूक मी मालवणाक येवचंय नाय. तेंका हयसर येवंदे." मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला तिने चहा दिला, एवढी प्रगती.

शिल्लक काम: एक. येत्या सोमवारी भरती सकाळी नऊला आहे. बाबलने सांगितलं, तरी मी स्वतः धक्क्यावर जाऊन काठी रोवून बघितली. होडी आठला सुटेल. शेवंतीने अजून हो म्हटलेलं नाही.